हेर नसलेले हेरकथाकार

'जासूस' हा शब्द तुमच्या घरातला आहे. मराठीत त्याला 'हेर' किंवा 'गुप्तहेर' म्हणतात. पण जुन्या मराठी कागदपत्रांत आणखी एक शब्द भेटतो, तो म्हणजे 'जासूद'. पेशव्यांच्या काळात पत्रे आणि बातम्या पोहोचवणाऱ्या माणसाला जासूद म्हणत. हे जासूद पुष्कळदा दोघे मिळून निघत, म्हणून 'जासूदजोडी' असाही शब्द रूढ होता. तुमचा 'जासूस' मराठीत आला आणि येताना त्याच्या शेवटच्या अक्षराचा उच्चार बदलला, एवढेच. 'कासिद'चा 'काशीद' झाला, तो असाच. शिवाजी महाराजांचे हेर बहिर्जी नाईक यांचे नाव तर तुम्ही इतिहासाच्या तासाला ऐकलेच असेल.

आज मात्र आपण खऱ्या हेरांविषयी वाचणार नाही. हेरांच्या आणि रहस्याच्या गोष्टी लिहिणाऱ्या दोन लेखकांची ओळख करून घेणार आहोत. एक मराठीत लिहीत होते, दुसरे उर्दूत. एकाचे मुंबईत चष्म्याचे दुकान होते आणि दुसरे काही वर्षे शाळेत शिक्षक होते. दोघांपैकी कोणीही हेरखात्यात नोकरी केली नाही. तरीही त्यांच्या पुस्तकांसाठी वाचक दुकानापुढे वाट पाहत उभे राहत.

हे थोडे आश्चर्याचे आहे. कारण इंग्रजीत ज्यांनी हेरकथा गाजवल्या, त्यांतले बरेच जण स्वतः त्या कामात होते. जेम्स बाँड हे नाव तुम्हांला चित्रपटांमुळे माहीत असेल. त्याचे जनक इयान फ्लेमिंग दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलाच्या गुप्तवार्ता विभागात होते. बाँडची पहिली कादंबरी १९५३ साली निघाली. जॉन ल कारे यांची गोष्ट तर त्यांच्या कादंबऱ्यांसारखीच आहे. त्यांचे खरे नाव डेव्हिड कॉर्नवेल. जन्म १९३१ सालचा. ते पाच वर्षांचे असताना आई घर सोडून गेली. वडील लोकांना फसवून पैसे मिळवत आणि त्यासाठी तुरुंगातही जाऊन आले होते. अशा घरातल्या मुलाला लहानपणापासूनच खरे लपवायला आणि दुसऱ्याच्या मनातले ओळखायला शिकावे लागते. पुढे ते ब्रिटनच्या हेरखात्यात गेले आणि नोकरीत असतानाच कादंबऱ्या लिहू लागले. सरकारी माणसाने स्वतःच्या नावाने लिहिणे योग्य नव्हते, म्हणून त्यांनी टोपणनाव घेतले. १९६३ साली त्यांची तिसरी कादंबरी जगभर गाजली आणि १९६४ मध्ये त्यांनी नोकरी सोडली. त्याच सुमारास किम फिल्बी नावाचा एक बडा ब्रिटिश अधिकारी रशियाला फितूर असल्याचे उघडकीस आले. घरातल्याच माणसाने केलेला विश्वासघात हा ल कारे यांच्या लेखनाचा कायमचा विषय झाला. त्यांच्या कादंबऱ्यांतला हेर चष्मा लावणारा, थकलेला, साधा माणूस असतो. तो पिस्तूल क्वचितच काढतो. २०२० साली ल कारे वारले.

आता आपल्याकडे वळू.

बाबूराव अर्नाळकर हे मराठीतले सर्वांत लोकप्रिय रहस्यकथाकार. त्यांचे खरे नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. जन्म १९०६ चा. वसई तालुक्यात समुद्रकाठी अर्नाळा नावाचे गाव आहे, तिथे पाण्यात किल्लाही आहे. त्या गावावरून त्यांनी 'अर्नाळकर' हे नाव घेतले. मराठीत गावाच्या नावाला 'कर' जोडला की आडनाव तयार होते, हे तुम्ही पाहिलेच आहे. टोपणनावाचीही तीच रीत त्यांनी धरली आणि हे नाव इतके चालले, की खरे नाव फार थोड्यांना माहीत राहिले. टोपणनाव घेऊन लिहिणारा माणूस वेष पालटून फिरणाऱ्या नायकांच्या गोष्टी लिहितो, यात गंमत आहे.

त्यांनी हजाराहून जास्त पुस्तके लिहिली. ही संख्या नीट समजून घ्या. कोणी सलग पन्नास वर्षे लिहीत राहिला आणि त्याची हजार पुस्तके झाली, तर वर्षाला वीस होतात. म्हणजे दर अठरा दिवसांनी एक! पुस्तके लहान असत, हे खरे. स्वस्त कागद, रंगीत मुखपृष्ठ आणि एका बैठकीत संपेल एवढा मजकूर. रेल्वे स्टेशनावर, बसस्थानकावर ती मिळत. ज्यांना विकत घेणे परवडत नसे, ते लायब्ररीतून दिवसाच्या भाड्याने आणत. एका दिवसात परत करायचे असल्यामुळे रात्री कंदिलाजवळ वाचून पुस्तक संपवावे लागे. आपल्या वाशीमवरून जाणाऱ्या अकोला–पूर्णा मार्गावर पूर्वी मीटरगेजची गाडी धावत असे. अशा संथ गाडीच्या प्रवासाला एक रहस्यकथा अगदी बरोबर पुरायची.

अर्नाळकरांचे नायक आजही जुन्या वाचकांना तोंडपाठ आहेत. झुंजार हा धाडसी आणि रुबाबदार. कायद्याच्या हातून जे निसटतात, त्यांना तो आपल्या पद्धतीने धडा शिकवतो. त्याची पत्नी विजया हीसुद्धा भित्री नाही. काळा पहाड हा काळ्या वेषात वावरणारा गूढ पुरुष. धनंजय हा गुप्तहेर आणि छोटू त्याचा सहकारी. हे नायक अर्नाळकरांनी सर्वस्वी स्वतःच्या मनातून काढले, असे मात्र नाही. शेरलॉक होम्स आणि डॉक्टर वॉटसन यांची जोडी धनंजय-छोटूंच्या मागे उभी आहे. झुंजार आणि काळा पहाड यांनाही इंग्रजी रहस्यकथांतले भाऊबंद आहेत. पण अर्नाळकरांनी त्यांना मराठी बोलायला लावले, मुंबईत आणून उभे केले आणि घरातल्या कोणीही वाचावे अशा स्वच्छ भाषेत लिहिले. परकी गोष्ट आपली वाटू लागणे हेही एक कौशल्य आहे, आणि माझ्या मते ते वाटते तितके सोपे नाही. त्यांच्याही आधी मराठीत गो. ना. दातार यांनी रेनॉल्ड्स या इंग्रज लेखकाच्या कादंबऱ्यांना मराठी रूप दिले होते. उर्दूतही असेच झाले. जफर उमर यांची 'नीली छतरी' किंवा तीरथराम फिरोजपुरी यांची भाषांतरे ही त्याच वाटेवरची.

अर्नाळकर १९९६ साली वारले. त्यांचे वय नव्वद होते.

आता दुसऱ्या लेखकाचे नाव सांगायची गरज आहे का? तुमच्या आजोबांच्या पेटीत, मंगरुळपीर, कारंजा किंवा रिसोडच्या एखाद्या जुन्या घरात, 'जासूसी दुनिया'चा पिवळा पडलेला अंक अजून सापडू शकेल. इब्ने सफी यांचे खरे नाव असरार अहमद. जन्म २६ जुलै १९२८ रोजी अलाहाबाद जिल्ह्यातल्या नारा या गावी झाला. या अलाहाबादलाच आज प्रयागराज म्हणतात. वडिलांचे नाव सफीउल्लाह, म्हणून 'इब्ने सफी', म्हणजे सफींचा मुलगा. हे मराठी मुलांना समजावून सांगावे लागेल, तुम्हांला नाही.

लहानपणीच त्यांनी 'तिलिस्म-ए-होशरुबा' वाचून काढले. जादूगार, ऐयार, वेष पालटणारी पात्रे यांनी भरलेला तो प्रचंड ग्रंथ. त्यातला ऐयार आणि पुढचा गुप्तहेर यांत फार अंतर नाही. शाळेत असतानाच त्यांची पहिली कथा छापून आली. तरुणपणी ते 'असरार नारवी' या नावाने गझला लिहीत, वेगवेगळ्या टोपणनावांनी विनोदी लेख लिहीत आणि पोटासाठी अलाहाबादच्या शाळांत शिकवत.

मग एक दिवस मित्रांत वाद झाला. कोणी म्हणाले, उर्दूत अश्लील पुस्तकांशिवाय काहीच खपत नाही. असरार अहमद यांना हे पटले नाही. नुसता वाद घालून ते थांबले नाहीत. प्रकाशक अब्बास हुसैनी यांच्या साहाय्याने १९५२ साली त्यांनी 'जासूसी दुनिया' ही मासिक मालिका सुरू केली. पहिली कादंबरी होती 'दिलेर मुजरिम'. ती व्हिक्टर गन यांच्या इंग्रजी कादंबरीवर बेतलेली होती आणि हे त्यांनी पुढे स्वतःच सांगितले. पण फरीदी आणि हमीद ही दोन पात्रे त्यांची स्वतःची. फरीदी गंभीर, अभ्यासू, कधीही तोल न सोडणारा. हमीद खोडकर. त्याने तर एक बकराही पाळला होता! वाचक खुनाच्या तपासासाठी पुस्तक उघडत आणि हमीदच्या गप्पांसाठी ते हातातून सोडत नसत.

त्याच वर्षी, ऑगस्ट १९५२ मध्ये, ते आईला आणि बहिणीला घेऊन कराचीला गेले. वडील आधीपासून तिथे होते. आता पाहा, लेखक कराचीत आणि प्रकाशक अलाहाबादेत. मध्ये नवी सीमा. तरी मालिका थांबली नाही. दोन्ही देशांत पुस्तके निघत राहिली. भारतात त्यांचे हिंदी अनुवादही झाले. हिंदीत फरीदीचा 'विनोद' झाला आणि इमरानचा 'राजेश'.

हा इमरान म्हणजे खरा हेर. १९५५ साली 'खौफनाक इमारत' या कादंबरीत तो पहिल्यांदा आला. लोकांसमोर तो मूर्खासारखा वागतो, भलतेच बोलतो, हसे करून घेतो. प्रत्यक्षात तो हेरखात्याचा प्रमुख 'एक्स-टू' आहे आणि त्याच्या हाताखालच्या माणसांनाही हे ठाऊक नाही. ती माणसे फोनवर एक्स-टूला घाबरतात आणि समोरच्या इमरानची टिंगल करतात. वाचकाला मात्र दोन्ही माहीत असते. सगळी गंमत तिथेच आहे.

इब्ने सफी यांच्या गोष्टी कोणत्या देशात घडतात? ते स्पष्ट सांगत नाहीत. शहराचे नाव येत नाही. आले तर काल्पनिक असते. शकराल, करागाल ही ठिकाणे कोणत्याच नकाशात सापडत नाहीत. फरीदी अलाहाबादेत जन्माला आला, इमरान कराचीत. पण लखनौचा वाचक असो की लाहोरचा, त्याला हे शहर आपलेच वाटत असे. खऱ्या शत्रूदेशाचे नाव घेऊन द्वेष पेटवणे सोपे होते. इब्ने सफींनी 'झिरोलँड' नावाची एक काल्पनिक गुन्हेगारी सत्ताच निर्माण केली. एका देशात जन्मलेल्या आणि दुसऱ्या देशात राहणाऱ्या, दोन्हीकडे वाचक असलेल्या लेखकाचे आयुष्य त्याच्या कादंबऱ्यांत कुठे उमटले असेल, तर ते या न सांगितलेल्या नावात उमटले आहे, असे मला वाटते.

१९६० साली मोठा आघात झाला. इब्ने सफींना स्किझोफ्रेनिया हा मनाचा गंभीर आजार झाला. तीन वर्षे लेखणी बंद. इकडे त्यांच्या नावाशी मिळतीजुळती नावे घेऊन भलतेच लोक फरीदी-इमरानच्या गोष्टी छापू लागले. घरच्या माणसांनी आणि एका हकीमसाहेबांनी त्यांना त्यातून बाहेर काढले. नोव्हेंबर १९६३ मध्ये 'डेढ मतवाले' ही कादंबरी घेऊन ते परतले. भारतात तिचे प्रकाशन लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाले. पुढच्याच वर्षी शास्त्रीजी पंतप्रधान झाले. पुस्तकाला इतकी मागणी आली, की आठवड्याच्या आत दुसरी आवृत्ती काढावी लागली.

काही जण इमरानच्या दुहेरी स्वभावाचा संबंध लेखकाच्या आजाराशी जोडतात. सन नीट पाहा. इमरान १९५५ चा आणि आजार १९६० चा. लेखकाच्या जीवनातून त्याचे साहित्य समजते, हे खरे; पण तारखा न पाहता जोडलेले धागे तुटतात. हा नियम गुप्तहेरालाही लागू आहे.

२६ जुलै १९८० रोजी, म्हणजे आपल्या बावन्नाव्या वाढदिवशी, इब्ने सफी कराचीत वारले. तोपर्यंत 'जासूसी दुनिया'च्या सव्वाशे आणि इमरान मालिकेच्या एकशेवीस कादंबऱ्या झाल्या होत्या. शेवटची, 'आखरी आदमी', त्यांना पूर्ण करता आली नाही.

या दोन्ही लेखकांच्या वाट्याला वाचकांचे प्रेम आले, विद्वानांचा आदर आला नाही. वाङ्मयाच्या इतिहासात त्यांना एखादी ओळ मिळाली तर मिळाली. शाळेत अशी पुस्तके भूगोलाच्या पुस्तकात लपवून वाचली जात आणि सापडली तर जप्त होत. घाईने लिहिलेल्या गोष्टींत तोचतोचपणा येतो. हजार पुस्तकांतले प्रत्येक पुस्तक चांगले कसे असेल? टीकाकारांचे हे म्हणणे खोटे नाही. पण ज्या माणसाने शाळा चौथीत सोडली आणि जो दिवसभर यंत्रावर उभा राहिला, त्याला रात्री पुस्तक हातात घ्यायला याच लेखकांनी लावले. हेही खोटे नाही.

त्यांच्यामागून पुष्कळ लेखक आले. मराठीत गुरुनाथ नाईक यांनी सैन्याच्या हेरखात्यातला कॅप्टन दीप उभा केला. त्यांच्याही कादंबऱ्यांची संख्या हजारावर गेली. ते २०२१ साली वारले. सुहास शिरवळकर यांनी रहस्यकथांपासून सुरुवात केली. दारा बुलंद आणि फिरोज इराणी हे त्यांचे नायक. पुढे त्यांनी 'दुनियादारी' लिहिली. महाविद्यालयातल्या मुलांची ही कादंबरी रहस्यकथा नाही. पण वाचकाला पानावर खिळवून ठेवायची हातोटी तीच आहे. २०१३ साली तिच्यावर निघालेला चित्रपट तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. हिंदी चित्रपटांकडे पाहिले, तर पटकथाकार जावेद अख्तर यांनी इब्ने सफींच्या लेखनाचा आपल्यावरील प्रभाव मान्य केला आहे.

आता थोडे भाषेविषयी, कारण हा मराठीचा तास आहे. मराठी रहस्यकथा उर्दू माध्यमाच्या मुलांना इतर मराठी पुस्तकांपेक्षा सोपी जाते. याचे कारण पोलीसचौकीची मराठी आहे. फिर्याद, पंचनामा, मुद्देमाल, जामीन, कैदी, फरार, गुन्हेगार, मयत, इसम: हे शब्द तुम्हांला कोणी शिकवावे लागत नाहीत. 'फौजदारांनी सदर इसमाची जबानी घेतली' हे वाक्य शेजारच्या मराठी शाळेतल्या मुलापेक्षा तुम्हांला लवकर कळेल. पण सावध राहा. काही शब्द वेष पालटून बसले आहेत. उर्दूत 'खून' म्हणजे रक्त. मराठीत 'खून' म्हणजे कत्ल. 'खून झाला' हे वाचून कोणाचे बोट कापले असे समजू नका! उर्दूत 'राजीनामा' म्हणजे दोघांत झालेली तडजोड. मराठीत 'राजीनामा' दिला की नोकरी गेली. हिंदीत ऐकलेली 'शिक्षा' म्हणजे तालीम; मराठीत 'शिक्षा' म्हणजे सजा. आणि तुमचा 'सुराग' मराठीत 'सुगावा' होतो, 'तफ्तीश' म्हणजे 'तपास'.

शेवटी एका विद्वानाविषयी सांगायचे राहिले. शम्सुर्रहमान फारुकी हे उर्दूचे फार मोठे समीक्षक. मीर तकी मीर यांच्यावरचा त्यांचा अभ्यास जगभर मानला जातो. ज्या पुस्तकांना समीक्षक हात लावत नव्हते, त्या 'जासूसी दुनिया'तल्या चार कादंबऱ्यांचा इंग्रजी अनुवाद त्यांनी स्वतः केला. तो २०११ साली चेन्नईच्या एका प्रकाशकाने छापला. अर्नाळकरांची निवडक पुस्तकेही अलीकडे पुन्हा छापून आली आहेत. वाशीमच्या वाचनालयात गेलात, तर झुंजारचे नाव सांगून विचारा. आणि त्या बदल्यात एखाद्या मराठी मित्राला इमरानची गोष्ट सांगा. मात्र एक्स-टू कोण आहे, हे आधी सांगू नका.

स्वाध्याय

१. जॉन ल कारे यांच्या बालपणाचा त्यांच्या लेखनाशी काय संबंध आहे?
२. अर्नाळकरांनी इंग्रजी नायकांना 'आपले' कसे केले?
३. 'तारखा न पाहता जोडलेले धागे तुटतात', असे लेखक कोणत्या संदर्भात म्हणतात?
४. खालील शब्दांचे मराठीतील आणि उर्दूतील अर्थ लिहा व प्रत्येकाचा मराठी वाक्यात उपयोग करा: खून, राजीनामा.
५. घरातील वडीलधाऱ्या माणसांना विचारून, त्यांनी लहानपणी वाचलेल्या एका रहस्यकथेविषयी दहा ओळी मराठीत लिहा.